दाखला आणि मोजणी

(मंडळाच्या हुलसूर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मार्गदर्शन' असे छापले आहे. माझे वडील, काका याच सभागृहात मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकत आले, त्यांच्यासमोर मी काय मार्गदर्शन करणार? मी एक हरकत घेण्यासाठी उभा आहे, आणि ती आपल्याच मंडळाच्या ठरावाला आहे. अध्यक्षांना मी हे आधी सांगितले. ते म्हणाले, "बोल, पण सगळ्यांना समजेल असे बोल." प्रयत्न करतो.

कार्यकारिणीने ठरवले आहे की २०२७ च्या जनगणनेच्या निमित्ताने आपण आपल्या घरांचे स्वतंत्र सर्वेक्षण करायचे. मातृभाषा कोणती, घरात बोलतात कोणती, लेकरे कोणत्या माध्यमात शिकतात, मराठी शाळा पाच-सहा मैलांवर असली तरी पाठवाल का, राज्याच्या २०२५ च्या सर्वेक्षणात जात आणि मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले, असे ते प्रश्न आहेत. काम चांगले आहे, ते दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते. फॉर्म मोबाइलवर येईल, म्हणजे घरोघर हिंडायचे कष्टही वाचतील. ठरावाच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे : "प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र लिंक पाठवावी, जेणेकरून कोणी काय उत्तर दिले हे मंडळास कळेल." माझी हरकत या एका वाक्याला आहे.

हे वाक्य ज्यांनी घातले त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आपल्याच समाजात किती जण मराठी लिहायला कचरतात ते पाहून त्यांचा जीव जळतो. माझाही जळतो. पण थोडे मागे जाऊ या.

आपण निजामाच्या राज्यातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात राहिलो. सोयरीक दोन्हीकडे, दप्तर मात्र वेगळे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटलांचे उपोषण झाले आणि २ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटचा आधार घेण्याचा शासन निर्णय काढला. तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत फोन वाजले. निलंग्याचे पाहुणे विचारू लागले, "तुमच्याकडे जुने काही कागद आहेत का?" त्या वेळी सगळ्यांना एक गोष्ट कळली. गॅझेटात कुणब्यांचे आकडे आहेत, नावे नाहीत. अमुक भागात इतके कुणबी असे त्यात सापडते, पण 'माझा पणजोबा कुणबी होता' हे त्यावरून एकट्या माणसाला सिद्ध करता येत नाही. त्यासाठी नाव असलेला कागद लागतो : खासरा, पहाणी, शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद. जुन्या पेट्या उघडल्या गेल्या त्या यासाठी.

म्हणजे कागद दोन जातीचे असतात. एक दाखला, त्याला नाव लागतेच, नाव नसेल तर तो रद्दी. दुसरी मोजणी, तिला नाव लागत नाही. आपल्या पूर्वजांनी दोन्ही केले, पण वेगवेगळ्या वह्यांत केले.

आता आपल्या सर्वेक्षणातून आपल्याला काय हवे आहे? भाषिक अल्पसंख्याकांची जी सूत्रे देशात मान्य झाली, ती सगळी मोजणीवर उभी आहेत. १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले, की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी त्या भाषेचे असतील तर प्राथमिक शिक्षणासाठी त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पुढे १९५६ च्या सुमारास ठरले, की एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाचे कायदे, नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. राज्यघटनेचे ३५०-अ कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दल बोलते. यात कुठेही कोणाचे नाव विचारलेले नाही. पंधरा टक्के मोजायला पंधरा टक्के लागतात. शंकररावांच्या सुनेने काय लिहिले हे लागत नाही. (शंकरराव नावाचे कोणी सभेत असतील तर क्षमा असावी, उदाहरणापुरते नाव घेतले.)

आता ते सॉफ्टवेअर. मी पुण्यात हेच काम करून पोट भरतो, म्हणून सांगतो.

साधा गूगल फॉर्म घ्या. तो बनवणाऱ्याला एक निवड असते : उत्तर देणाऱ्याचा ईमेल गोळा करायचा की नाही. नाही म्हटले तर ईमेल येत नाही. पण उत्तरांच्या तक्त्यात पहिला रकाना वेळेचा असतो, दिवस, तास, मिनिट, सेकंदापर्यंत. समजा, आपल्या कार्यकर्त्याने सकाळी एका घरी व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली, त्या घराने दहा मिनिटांत भरून "भरला" असा निरोप दिला, मग त्याने दुसऱ्या घराला पाठवली. संध्याकाळी तक्ता आणि व्हॉट्सअॅप शेजारी शेजारी ठेवले की कोणाचे कोणते उत्तर हे शेंबडे पोरही सांगेल. फॉर्मवर 'नाव नको' लिहिलेले असूनही.

दुसरा प्रकार स्वतंत्र लिंकचा. लाइमसर्व्हे नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे, विद्यापीठांत खूप वापरतात. त्यात एक सहभागींची यादी असते : नाव, फोन किंवा ईमेल, आणि प्रत्येकासमोर एक टोकन, म्हणजे उलटसुलट अक्षरांचा एक खुणेचा शब्द. ते टोकन लिंकमध्येच जाते. दुसरीकडे उत्तरांची वही असते. आता प्रश्न एवढाच, की टोकन उत्तरांच्या वहीत उतरवायचे की नाही. त्यासाठी एक कळ आहे, उत्तरे निनावी ठेवा, हो की नाही. 'नाही' ठेवले तर प्रत्येक उत्तरासमोर टोकन येते आणि दोन वह्या एका दोरीने बांधल्या जातात. 'हो' ठेवले तर यादीत फक्त 'या घराने भरले' अशी खूण होते आणि वहीत नुसती उत्तरे पडतात. वेळेचे सांगितले ना, त्याचाही बंदोबस्त आहे : निनावी ठेवून तारीख नोंदवायला सांगितली तर ते सॉफ्टवेअर सगळ्या उत्तरांवर १ जानेवारी १९८० अशी एकच तारीख टाकते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते काहीतरी बिघडले. बिघडलेले नाही, मुद्दाम केलेले आहे. आणि सर्वेक्षण एकदा सुरू केले की ही कळ फिरवता येत नाही. म्हणून ती आज, या सभेत ठरायला हवी, नंतर संगणकासमोर बसलेल्या पोराने ठरवून उपयोग नाही.

कागदी मतपत्रिका आठवा. मतदार यादीत खूण होते, बोटाला शाई लागते, म्हणजे दुसऱ्यांदा मत देता येत नाही, पण चिठ्ठी पेटीत पडली की ती कोणाची हे सुटले. असे आपण समजतो. खरे तर मतपत्रिकेवर क्रमांक असतो, तोच क्रमांक स्थळप्रतीवर असतो, आणि स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहून त्याची सही किंवा अंगठा घेतात. दोन्ही जुळवले तर कळू शकते. कळत नाही ते एवढ्यासाठी, की ती पाकिटे सीलबंद होतात आणि न्यायालयाच्या हुकुमाशिवाय उघडत नाहीत. म्हणजे आपले मत निनावी नव्हते, गोपनीय होते. निनावी म्हणजे कोणालाच कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे कोणाला तरी कळू शकते, पण त्याने तोंड बंद ठेवण्याचे वचन दिले आहे. मग विचारायचे, ते वचन कोणाचे, आणि मोडले तर काय?

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरी सांगितलेली नाही.

पुण्यात सुरुवातीला मी ज्या संस्थेत होतो तिथे कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन सर्वेक्षण झाले. 'आपली मते पूर्णपणे गुप्त राहतील' असे वर ठळक लिहिले होते. ते मीच लिहिले होते. लिंक प्रत्येकाला वेगळी होती, कारण कोणी भरले नाही त्याला आठवण पाठवायची होती. एवढाच हेतू, वाईट काही नाही. टोकन उत्तरांच्या वहीत उतरत होते, तिकडे मी लक्ष दिले नाही. उत्तरे आली. एका उत्तरात एका वरिष्ठाबद्दल चार ओळी होत्या, कडक पण खऱ्या. तीन दिवसांनी साहेबांनी मला बोलावले आणि विचारले, "हे सतरा नंबरचे कोणाचे?" मला दोन मिनिटे लागली. मी नाव सांगितले. साहेब होते, मी नवा होतो, नोकरी होती. पुढे त्या माणसाची बदली झाली, मुलांची शाळा अर्ध्या वर्षात सुटली. त्याने मला कधी विचारले नाही. त्याला माहीत नसावे. माझ्या टेबलावरून चहाला जाताना तो नेहमीसारखा "चला" म्हणायचा.

म्हणून 'मंडळाची माणसे चांगली आहेत, कोणी गैरवापर करणार नाही' या उत्तरावर माझे समाधान होत नाही. मीही तेव्हा चांगलाच होतो.

आता सरकारचे काय, असे तुम्ही म्हणाल. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर्नाटक राज्य मागासवर्ग आयोगाचे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. आधी वीज मीटरच्या आरआर नंबरवरून प्रत्येक घराला ओळख क्रमांक पडला, दारावर स्टिकर लागले. मग मास्तर मोबाइल घेऊन आले, साठ प्रश्न होते, आधार, रेशनकार्ड, फोनवर ओटीपी. ज्यांना हवे त्यांना स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय होती. आपल्या समाजाच्या नेत्यांनी आवाहन केले होते : धर्म हिंदू, जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी लिहा. त्यामागे ३-ब मधून २-अ मध्ये जाण्याची आपली जुनी मागणी आहे. ३-ब ला पाच टक्के, २-अ ला पंधरा, हे हिशेब आता पोरांनाही पाठ झाले आहेत.

ते सर्वेक्षण न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने सर्वेक्षण थांबवले नाही, पण अट घातली : भाग घेणे ऐच्छिक आहे हे लोकांना जाहीर सांगा, माहिती गोपनीय ठेवा, ती आयोगाबाहेर कोणाला देऊ नका. न्यायालयाचा शब्द आहे, तो मोलाचा आहे. पण लक्षात घ्या, तो गोपनीयतेचा शब्द आहे. घराचा क्रमांक, मीटर, आधार आणि उत्तरे एकाच ठिकाणी गोळा झाली, निनावी काही राहिले नाही. जनगणनेलाही १९४८ च्या कायद्याचे पंधरावे कलम आहे, की तिचे कागद कोणाला तपासायला मिळत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यामुळे जनगणनेत मराठी लिहायला कोणी भिऊ नये. तिथे भरायचेच आहे, तिथे कायदा आहे. आपल्या मंडळाला असा कोणता कायदा आहे? कलम सोडा, आपल्या कपाटाला कुलूपही नीट लागत नाही.

सीमेपलीकडे महाराष्ट्रातही जानेवारी २०२४ मध्ये मराठा आणि खुल्या प्रवर्गाचे सर्वेक्षण झाले, दीड कोटीहून अधिक कुटुंबे, दीडशेच्या वर प्रश्न, मोबाइल अॅपवर. विधवांच्या चालीरीतींपर्यंत विचारल्यावर लोक वैतागले, ते वर्तमानपत्रांत आलेच होते. तो वेगळा विषय, त्यात शिरत नाही.

जर्मनीचे मात्र सांगतो. तिथे १९८३ मध्ये जनगणना ठरली होती. कायद्यात तरतूद अशी, की गोळा झालेली माहिती स्थानिक नोंदवह्यांशी ताडून पाहायची, म्हणजे मोजणीच्या वहीतून दाखल्याची वही दुरुस्त करायची. लोक बिथरले. चाळीस वर्षांपूर्वी याच देशात कोणाच्या नोंदवहीत कोणता धर्म लिहिला आहे यावरून माणसे मरणाच्या गाडीत बसवली होती, ते विसरणारे लोक नव्हते. १५ डिसेंबर १९८३ ला त्यांच्या घटना न्यायालयाने ती सरमिसळ बेकायदा ठरवली आणि सांगितले, की आपल्याविषयीची माहिती कोणी कशी वापरावी हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. जनगणना थांबली, ती १९८७ मध्ये झाली. तेव्हाही विरोध करणाऱ्यांनी एक सोपी युक्ती काढली : फॉर्मवरचा ओळख क्रमांक कात्रीने कापून टाकायचा. उत्तरे ठेवायची, क्रमांक कापायचा. दोरी नेमकी कुठे आहे हे त्या लोकांना कळले होते. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितले. आपण तिथे चौतीस वर्षांनी पोचलो, पण पोचलो.

आणखी एक धोका आहे, तो नाव काढून टाकल्यावरही राहतो. अमेरिकेत लाटान्या स्वीनी नावाच्या संशोधक बाईंनी दाखवले, की पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली शंभरातली सत्त्याऐंशी माणसे ओळखता येण्यासारखी असतात. १९९७ मध्ये त्यांनी नावे काढलेल्या दवाखान्याच्या माहितीतून मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. तिथे तीन गोष्टी लागल्या. आपल्या खेड्यात दोन पुरतात. 'गाव अमुक, शिक्षण एम.बी.बी.एस.' असे लिहिले की संपले, त्या गावात तो एकच डॉक्टर आहे. म्हणून फॉर्ममध्ये गाव आणि शिक्षण दोन्ही बारकाईने विचारायचे कारण नाही. वय वर्षात न विचारता गटात विचारा, आणि ज्या गावातून दहापेक्षा कमी उत्तरे आली त्याचा वेगळा तक्ता छापू नका, तो शेजारच्या गावात मिळवा.

तर आपल्या घरांचे बघू या. माझ्याच सोयऱ्यात एक घर आहे. सासू मराठी, सून कन्नड घरची, मुलगा सरकारी नोकरीत. नातवंडे दोन्ही भाषा बोलतात आणि भांडताना उर्दू. त्या घराने मातृभाषेत काय लिहिले असेल? मला माहीत नाही, आणि मंडळाला माहीत असण्याची गरज नाही. पण स्वतंत्र लिंक पाठवली आणि त्यांना कळले, की उद्या कार्यकारिणीत आपले उत्तर वाचले जाणार, तर ते घर मंडळाला आवडेल ते उत्तर देईल. सगळेच देतील. मग आपल्या हाती काय येईल? शंभर टक्के मराठीचा आकडा, ज्यावर आपला स्वतःचाही विश्वास नसेल. शाळेसाठी तो आकडा घेऊन बिदरला गेलो तर साहेब हसतील, कारण त्या शाळेचा पट त्यांच्यासमोर असतो. आपल्याला खरे जाणून घ्यायचे असेल, की लोक मराठी शाळेपासून का दूर जातात, तर 'शिक्षक नाही', 'पुढे नोकरीत उपयोग नाही', 'शेजारी काय म्हणतील' ही उत्तरे बिनधास्त यायला हवीत. ती नावासकट येत नाहीत.

बैठकीत एका ज्येष्ठांनी रास्त प्रश्न विचारला होता : "लिंक सगळ्यांना एकच दिली तर एकच माणूस दहादा भरेल, बाहेरचा कोणी खोडसाळपणे भरेल, त्याचे काय?" अप्पा, तुमचे बरोबर आहे. म्हणून लिंक वेगळी असू द्या. मी स्वतंत्र लिंकच्या विरुद्ध नाही, दोरीच्या विरुद्ध आहे. टोकन दारावरच्या माणसासारखे वापरा, आत कोण येतो ते पाहील, दुसऱ्यांदा येऊ देणार नाही, कोणी आले नाही तर आठवणही देईल, पण आतले बोलणे त्याला ऐकू जाणार नाही. निनावीची कळ 'हो' ठेवली की नेमके असेच होते.

आणि ज्यांना मंडळाची मदत हवी आहे, जातीच्या दाखल्यासाठी, म्हातारीच्या पेन्शनसाठी, जुन्या खासऱ्याची नक्कल काढण्यासाठी, त्यांचे नाव लागेलच. त्यासाठी दुसरा, अगदी वेगळा फॉर्म ठेवा. पहिल्याच्या शेवटी 'मदत हवी असल्यास येथे नाव द्या' असा चौकोन टाकू नका, त्याच क्षणी दोरी बांधली जाते. मदतीचा फॉर्म वेगळ्या दिवशी पाठवा. त्यात भाषेचा प्रश्न नको.

माझी दुरुस्ती लेखी दिली आहे : ठरावातील शेवटचे वाक्य काढावे; त्याजागी 'यादी आणि उत्तरे स्वतंत्र राहतील, कोणाचे उत्तर कोणते हे मंडळास कळणार नाही' असे घालावे; आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर 'गुप्त' हा शब्द न वापरता ते नेमके कसे हे दोन ओळींत मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावे. कन्नडमध्ये का, असे मला चहाच्या वेळी विचारले गेले. कारण फॉर्म ती सूनही वाचणार आहे.

यादीची फाईल कोणाकडे राहील हे अजून ठरलेले नाही. ती माझ्याकडे नको, हे मी चिटणीसांना आधीच सांगून ठेवले आहे. दुरुस्तीवर आता मत घ्यावे, अशी अध्यक्षांना विनंती. शक्य असेल तर हात वर करून नको, चिठ्ठ्यांनी घ्या.